सी ड्राइव्हचा ताळा लागत नाही: ११८ जीबी गेले कुठे?

रोजकीर्द · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

घरात एक लॅपटॉप आहे. २०२१ साली लॉकडाउनमध्ये मुलीच्या ऑनलाइन कॉलेजसाठी घेतलेला. २५६ जीबी एसएसडी, ८ जीबी रॅम, आता विंडोज ११ आहे. २०२३ ला ती जर्मनीला शिकायला गेली आणि लॅपटॉप माझ्याकडे आला. जाताना तिने माझं वेगळं खातं काढून दिलं, तेव्हापासून मीच वापरतो. वापर म्हणजे काय, फोटो बघणं, थोडी पत्रं, सोसायटीचे हिशेब आणि इथे येऊन तुमची भांडणं वाचणं.

गेले पंधरा दिवस सी ड्राइव्हची पट्टी लालभडक झालीय. २३७ जीबीपैकी ३ शिल्लक.

मी ३४ वर्षं सहकारी बँकेत काढली. कॅश टॅली झाल्याशिवाय घरी जायचं नाही ही सवय अंगात मुरलेली. त्यामुळे वही घेऊन बसलो आणि एकेका फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज असं करत आकडे उतरवले. विंडोज २७. प्रोग्राम फाइल्स दोन आहेत, दोन्ही मिळून १५. युजर्स ७४, त्यात फोटो ४१, डाउनलोड्स १९, डेस्कटॉप ६, किरकोळ ८. एकूण ११६.

वापर मात्र २३४ दाखवतोय. म्हणजे ११८ जीबीची तफावत! आमच्याकडे अकरा रुपये कमी आले तरी रात्री नऊपर्यंत व्हाउचर उलटेपालटे करत बसायचो, इथे अर्धी तिजोरी गायब आहे.

रिसायकल बिन रिकामी केलीय. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा, १२०० रुपये. मला फॉरमॅट नकोय, मला हिशेब हवाय. शिवाय २५६ म्हणून घेतलेल्या डिस्कवर मुळात २३७ च का, वरचे १९ कुणाच्या खिशात गेले, हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

चहाबाज · सोमवार, रात्री ९.५२

काका, ११८ जीबी घेऊन कॅशियर पळून गेलेला असणार. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कळफलक · सोमवार, रात्री १०.१५

चहाबाज =))

काका, आधी वरच्या १९ चं बघू कारण ते सोपं आहे. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट्स धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजतं, त्याच्या हिशेबाने १ जीबी म्हणजे १०७ कोटी ३७ लाखांच्या वर बाइट्स. दोघंही लिहिताना जीबीच लिहितात. म्हणून २५६ चे झाले २३८. तसंच ५१२ चे ४७६ आणि १ टीबीचे ९३१. बाइट्स तेवढेच आहेत, कुणी खाल्लेले नाहीत. उरलेला एखादा जीबी विंडोजच्या रिकव्हरीच्या वगैरे छोट्या पार्टिशनांत जातो, तो सी मध्ये दिसत नाही.

आता ११८ चं. तुम्ही जे मोजलंत ते फक्त दिसणारं मोजलंत. सी ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर काही लपलेल्या वस्तू असतात. पेजफाइल, हायबरफिल, प्रोग्रामडेटा, सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन लपलेल्या फाइल्स दाखवा करा, आणि खाली 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स लपवा' असं असतं त्याचीही टिक काढा. तो घाबरवेल, घाबरू नका. फक्त बघा, हात लावू नका. आणि मोजून झालं की टिक परत करून ठेवा.

तळटीप · सोमवार, रात्री १०.३१

अवांतर: जीबीचं हे प्रकरण बिघ्यासारखं आहे. शब्द एकच, गावागणिक माप वेगळं, आणि भांडण मात्र बांधावर.

सुपारी_कातरी · सोमवार, रात्री ११.०२

एवढं कशाला डोकं खाता. विंडोजचं बटण आणि आर दाबा, पर्सेंट टेम्प पर्सेंट टाइप करा, जे येईल ते सगळं डिलीट. मग एखादं क्लीनर टाका, एका क्लिकमध्ये काम. माझ्याकडे तीन आहेत.

कळफलक · सोमवार, रात्री ११.१०

टेम्प रिकामं करायला हरकत नाही, चालू प्रोग्रामच्या फाइल्स तो उडवू देत नाही, बाकी जाईल. पण त्यातून निघून निघून दोन-चार जीबी निघतील, ११८ नाही. आणि तीन क्लीनर कशाला हो? घरात झाडू तीन असले की केर कमी होतो का? डिस्क क्लीनअप विंडोजमध्येच आहे, त्यात 'क्लीन अप सिस्टम फाइल्स' दाबलं की जुन्या अपडेटची अडगळ दिसते. मोठ्या अपडेटनंतर विंडोज डॉट ओल्ड नावाचा गलेलठ्ठ फोल्डर राहतो, तो साधारण दहा दिवसांनी आपोआप जातो, घाई असेल तर तिथूनच काढता येतो.

पेंग्विनप्रेमी · सोमवार, रात्री ११.२५

लिनक्स टाका. टर्मिनलमध्ये एनसीडीयू चालवा. कुठल्या फोल्डरने किती खाल्लं ते उतरत्या क्रमाने दाखवतं. प्रश्न संपला.

चहाबाज · सोमवार, रात्री ११.२७

आला रे आला. 'डोकं दुखतंय' म्हटलं तरी हा लिनक्स टाका म्हणणार.

फ्लेक्सवाला · मंगळवार, सकाळी ७.४८

काका, राम राम. मी सांगलीकडचा. जागा कुठं जाती म्हणून मला इचारा, मी भोगलंय.

माझं घरीच डिझाइनचं काम चालतं, वाढदिवस, उद्घाटनं, भावपूर्ण श्रद्धांजली. २० बाय १० फुटाचा एक फ्लेक्स ७२ डीपीआयला धरा, सीएमवायके, नुसता एकच सपाट लेयर, तरी उघड्यावर जवळपास ६०० एमबी होतो. आणि एक लेयर कुणाचा असतो ओ? वर साहेब, मधे दादा, खाली शुभेच्छुक चाळीस जण, प्रत्येकाचा फोटो वेगळ्या लेयरवर कारण ऐनवेळी एखाद्याला काढायचा असतो आन दुसऱ्याला वर घ्यायचा असतो. फोटोशॉपची पीएसडी फाइल २ जीबीच्या वर सेव्हच होत नाही, मग मोठ्या फाइलींसाठीची पीएसबी करावी लागते. फायनल, फायनल१, फायनल पक्का, फायनल दादांनी बघितलेला, अशा सात फाइली एका वाढदिवसाच्या.

पण खरी गंमत पुढं हाय. माझी ५०० जीबीची डिस्क भरली म्हणून मी जुनी कामं उडवायला लागलो, तरी जागा काय होईना. मग शोधता शोधता कळलं की एक तर कोरल प्रत्येक फाइलशेजारी 'बॅकअप ऑफ' म्हणून जुळं भावंड काढून ठेवतंय, मी मूळ उडवत होतो आन जुळं तिथंच. आणि दुसरं म्हणजे फोटोशॉप काम चालू असताना स्वतःसाठी एक मोठी तात्पुरती फाइल करतं, प्रोग्राम नीट बंद केला की पुसून टाकतं. आमच्याकडं लाइट जाते. यूपीएसची बॅटरी कवाच मेलेली. लाइट गेली की प्रोग्राम जागच्या जागी आडवा, आन ती तात्पुरती फाइल तशीच. असल्या २३ फाइली सापडल्या, मिळून १६० जीबी! यूपीएसची बॅटरी घेतली असती तर स्वस्तात सुटलो असतो.

गवतीचहा · मंगळवार, सकाळी ९.२०

'फायनल दादांनी बघितलेला' हसून हसून पुरेवाट!!

रोजकीर्द काका, तुमचे डाउनलोड्स १९ जीबी आहेत तिकडे बघा बरं. गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली ना, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांनी धावपळ करून गूगलच्याच टेकआउट नावाच्या सोयीने फोटो उतरवून घेतले. ते येतात झिपमध्ये. झिप उघडली, फोटो फोटोंच्या फोल्डरमध्ये टाकले, आणि झिप तशीच डाउनलोड्समध्ये पडून! दोन वर्षं आम्ही सगळे फोटो दोनदा सांभाळत होतो. आणि त्या फोटोत तरी काय, एका पुरणपोळीचे अकरा फोटो, त्यातले नऊ हललेले.

रोजकीर्द · मंगळवार, दुपारी १२.०५

सर्वांचे आभार. गवतीचहा ताई, तुम्ही माझ्या घरात येऊन बघून गेलात की काय? टेकआउट नावाच्या आठ झिप सापडल्या, १६ जीबी. फोटो आधीच उघडून ठेवलेले आहेत, दहा-बारा ठिकाणी पडताळून पाहिलं. आज झिप उडवतो.

पण हे वहीत आधीच धरलं होतं, त्याने तफावत सुटत नाही. कळफलक म्हणतात तसं लपलेलं दाखवा केलं. पेजफाइल ६, हायबरफिल ३, प्रोग्रामडेटा ४. मिळून १३. सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन म्हणून एक आहे पण तो ० दाखवतो आणि उघडायला गेलं की परवानगी नाही म्हणतो. तफावत आता १०५.

आणखी एक विचारायचं होतं, प्रॉपर्टीजमध्ये 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' असे दोन आकडे का येतात?

कळफलक · मंगळवार, दुपारी १.१०

डिस्क छोट्या छोट्या खणांत विभागलेली असते, सहसा ४ केबीचा एक खण. फाइल १ केबीची असली तरी तिला अख्खा खण लागतो.

पेजफाइल म्हणजे रॅम कमी पडली की विंडोज जिथे सामान सरकवून ठेवतं ती जागा. हायबरफिल म्हणजे हायबरनेट करताना रॅममधलं सगळं जिथे उतरवतात ती, साधारण रॅमच्या ४० टक्के असते. तुमची ८ जीबी, म्हणून ३.

एक दुरुस्ती मात्र तुमच्याच वहीत करावी लागेल. विंडोज २७ हा आकडा फुगलेला आहे. त्यात विनएसएक्सएस म्हणून फोल्डर असतो, त्यातल्या बऱ्याच फाइल्स म्हणजे सिस्टम३२ मधल्याच फाइल्सची दुसरी नावं असतात. डिस्कवर माल एकदाच, पण प्रॉपर्टीज दोनदा मोजते. तेव्हा तुमची तफावत कमी नाही, आणखी थोडी जास्तच आहे :)

रोजकीर्द · मंगळवार, दुपारी १.३५

म्हणजे एका अंगठीसाठी अख्खा लॉकर, आणि एकाच व्हाउचरची दोन खतावण्यांत नोंद. कळलं. पण जेवण गोड लागलं नाही.

सुपारी_कातरी · मंगळवार, दुपारी २.१५

विनएसएक्सएस अख्खा उडवता येतो. मी केलं होतं.

८_१४ची_लोकल · मंगळवार, दुपारी २.१८

आणि मग पीसी चालू झाला का?

सुपारी_कातरी · मंगळवार, दुपारी २.४०

तो वेगळा विषय आहे.

गवतीचहा · मंगळवार, दुपारी २.४४

=)) =))

कृपया कुणी असलं काही करू नका. आमच्या भावजींनी विंडोजमधल्या इन्स्टॉलर नावाच्या फोल्डरमधून 'जुन्या फाइल्स' म्हणून सहा जीबी उडवले होते. त्यानंतर ऑफिस ना अपडेट होई ना अनइन्स्टॉल होई. विनएसएक्सएस आटोपशीर करायचा असेल तर डिस्क क्लीनअपमधून, नाहीतर विंडोजचीच डीआयएसएम नावाची कमांड आहे तिने. हाताने नाही.

८_१४ची_लोकल · मंगळवार, दुपारी ३.०२

हायबरफिल तरी उडवा काका. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघडायचा, पॉवरसीएफजी, मग स्लॅश एच, मग ऑफ. ३ जीबी तिथल्या तिथे.

पेंग्विनप्रेमी · मंगळवार, दुपारी ३.२०

असहमत (मी, लिनक्सवाला, विंडोजची बाजू घेतोय, नोंद घ्यावी). त्याने हायबरनेट जातं आणि फास्ट स्टार्टअपही जातं. काकांच्या लॅपटॉपची बॅटरी चार-पाच वर्षांची असणार, झाकण लावून ठेवला आणि बॅटरी संपत आली तर हायबरनेटच वाचवतं. ३ जीबीसाठी तो जीव कशाला घालवायचा? ११८ चा प्रश्न आहे आणि सगळे जण तीन-तीनच्या मागे लागलेत.

मिनमिन · मंगळवार, संध्या. ६.११

माझ्याकडे मॅकबुक आहे, त्यात 'सिस्टम डेटा' ९४ जीबी दाखवतंय. त्यात काय असतं?

८_१४ची_लोकल · मंगळवार, संध्या. ६.३०

मिनमिन, जे दुसऱ्या कुठल्या डब्यात बसत नाही ते सगळं. आमच्याकडे माळ्यावर तसा एक पत्र्याचा डबा आहे. टाइम मशीन (मॅकची बॅकअपची सोय) वापरत असाल तर त्याचे स्थानिक स्नॅपशॉट बघा, आणि फोनचे बॅकअप.

तळटीप · मंगळवार, रात्री ९.०५

उशिरा येतोय पण मोठं लिहितोय.

काका, तुम्ही जे वहीवर करताय त्याच कटकटीतून एक आख्खी पद्धत जन्माला आलीय. १९९० साली अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन नावाचे प्राध्यापक होते. त्यांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची (जीबी नव्हे, एमबी!) एक हार्ड डिस्क, आणि ती वापरणारे १४ जण. डिस्क सारखी भरायची आणि कुणी भरली हे कळायचं नाही. फोल्डरांच्या याद्या वाचून उलगडा होईना, तेव्हा त्यांनी विचार केला की अख्खी डिस्क म्हणजे एक चौकोन धरू, त्यात प्रत्येक फोल्डर म्हणजे त्याच्या वजनाइतका छोटा चौकोन, त्याच्या पोटात आणखी छोटे. याद्या वाचायच्याच नाहीत, नजर टाकायची, सगळ्यात मोठा ठोकळा दिसतोच. त्याला ट्रीमॅप म्हणतात. सातबाऱ्यावर गटांची यादी वाचणं वेगळं आणि तलाठ्याकडचा नकाशा बघणं वेगळं, तसं.

आज हे फुकट मिळतं. विनडिरस्टॅट जुनं आणि भरवशाचं, आधीच्या आवृत्त्यांत तर डिस्क चाळताना पॅकमॅन तोंड उघडझाप करत फिरायचे, आमचा मुलगा तेवढ्यासाठी लावायला सांगायचा. विझट्री त्याहून कितीतरी वेगवान आहे कारण ते एकेक फोल्डर उघडत बसत नाही, एनटीएफएस डिस्कवर सगळ्या फाइल्सची एक मुख्य नोंदवही असते, एमएफटी, तीच थेट वाचतं. बँकेच्या भाषेत, काउंटर-काउंटरवर फिरण्याऐवजी थेट जनरल लेजर. फक्त एक करा, राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'. नाहीतर जिथे तुम्हाला परवानगी नाही तिथे त्यालाही नाही.

आणि आता माझा खरा प्रश्न, जो १४ जणांवरून सुचला. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की मुलीने जाताना 'माझं वेगळं खातं काढून दिलं'. मग तिचं खातं कुठंय?

चहाबाज · मंगळवार, रात्री ९.०७

ओहोहो

कळफलक · मंगळवार, रात्री ९.१५

तळटीप, दंडवत. दोन दिवस मी लपलेल्या फाइल्स दाखवत बसलो आणि हे वाक्य वाचलंच नाही.

रोजकीर्द · मंगळवार, रात्री ११.४८

सापडलं!!

ही झोपलीय म्हणून ओरडता येत नाही, इथेच ओरडतो.

झालं असं की युजर्समध्ये मुलीच्या नावाचा फोल्डर मला पहिल्या दिवसापासून दिसत होता. प्रॉपर्टीज केलं तर ० बाइट्स. मला वाटलं पोरगी व्यवस्थित आहे, जाताना सगळं आवरून रिकामं करून गेली. वहीतसुद्धा 'निरंक' लिहिलंय. आज विझट्री अ‍ॅडमिन म्हणून चालवलं, दहा-बारा सेकंदांत नकाशा उमटला, आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात एक एवढा मोठा ठोकळा. तिचा फोल्डर. ८२ जीबी! शून्य म्हणजे रिकामं नव्हतं, शून्य म्हणजे 'तुम्हाला दाखवत नाही'.

त्यातले ६१ एकाच जागी. अ‍ॅपडेटा, रोमिंग, अ‍ॅपल कॉम्प्युटर, मोबाइलसिंक, बॅकअप. आत दोन-दोन अक्षरांचे शेकडो फोल्डर आणि त्यात लांबलचक बिननावाच्या फाइली. बाकी २१ मध्ये कॉलेजचे प्रोजेक्ट आणि एक गेम.

आणि ऐका, रिसायकल बिन ११ जीबी! मी म्हटलं मी तर रिकामी केली. तर ही तिच्या खात्याची आहे.

दोन वर्षं उलाढाल नसली की आमच्याकडे खातं इनऑपरेटिव्ह धरतात. शिल्लक मात्र ताळेबंदात राहतेच.

सुपारी_कातरी · बुधवार, सकाळी ८.०५

सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, तिचं नाव, रिमूव्ह. एका फटक्यात ९३ जीबी. बोला आता कोण बरोबर.

कळफलक · बुधवार, सकाळी ८.०९

थांबा थांबा काका!! रिमूव्ह केलं की 'खातं आणि डेटा दोन्ही जाईल' असं तो विचारतो आणि खरंच घालवतो. कॉलेजचे प्रोजेक्ट, फोटो, सगळं. आधी मुलीला फोन करा.

ते ६१ जीबी म्हणजे तिच्या आयफोनचा बॅकअप आहे. फोन लॅपटॉपला जोडून आयट्यून्समध्ये बॅकअप घेतला की तो तिथे बसतो, आणि सी ड्राइव्हवरच बसतो. त्या बिननावाच्या फाइली म्हणजेच तिचे फोटो, मेसेज, सगळं, पण नावं बदललेली असतात, डबल क्लिक करून उघडत नाहीत. म्हणून त्यातली एखादी फाइल ठेवू आणि बाकी उडवू असं करू नका, ठेवायचा तर फोल्डर अख्खा ठेवा.

मांडवीकाठ · बुधवार, सकाळी १०.२२

कळफलक यांच्याशी सहमत. मी लग्नाचे फोटो काढतो, गोव्यात. एका लग्नाच्या तीन-चार हजार रॉ फाइली, एकेक २५-३० एमबीची, म्हणजे एका लग्नाचे शंभर जीबी धरून चाला. जागा कुठे गेली हे मला कधी शोधावं लागत नाही. पण 'हे नको असेल' म्हणून एकदा उडवलं आणि आठ महिन्यांनी नवऱ्या मुलीच्या आईचा फोन आला. तेव्हापासून उडवण्याआधी दुसऱ्या डिस्कवर प्रत. डिस्क स्वस्त, नवऱ्या मुलीची आई नव्हे.

मिनमिन · बुधवार, सकाळी ११.४०

स्नॅपशॉट कुठे दिसतात?

रोजकीर्द · बुधवार, रात्री १०.१५

मुलीशी बोललो. ती म्हणाली बाबा उडवा, तो फोन कधीच गेला, २०२२ चा बॅकअप आहे. मी उडवणार तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून म्हणाली, २०२२ चा म्हणजे सासूबाई होत्या तेव्हाचा ना? त्या वर्षी मुलीने फोनवर आजीचं कुरडयांचं चीक शिजवणं अख्खं शूट केलेलं. मुलगी म्हणे माझ्या नव्या फोनमध्ये असेल बहुतेक. 'बहुतेक'वर आमच्याकडे चेक पास होत नाही.

मग आज १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क आणली (९३१ दाखवते, मी दुकानातच हसलो, दुकानदाराला कळेना). बॅकअपचा फोल्डर आणि तिचे प्रोजेक्ट कॉपीला लावले. साडेपाच तास लागले. कळफलक, एवढा वेळ का?

कळफलक · बुधवार, रात्री १०.३०

बारीक फाइली लाखभर असणार. एकच ६१ जीबीची फाइल असती तर बरंच आधी झालं असतं. नाण्यांची पिशवी मोजणं आणि नोटांचं बंडल मोजणं, तुम्हाला काय सांगायचं.

रोजकीर्द · गुरुवार, सकाळी ११.३०

अंतिम ताळा, सोमवारच्या स्थितीप्रमाणे. आकडे जीबीत, पूर्णांकात.

विंडोज २३ (दुबार नोंद वगळून). प्रोग्राम फाइल्स १५. माझं खातं ७४. मुलीचं ८२. प्रोग्रामडेटा ४. पेजफाइल ६. हायबरफिल ३. सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन ९. मुलीची रिसायकल बिन ११. बेरीज २२७.

वापर २३४. म्हणजे ७ अजून सस्पेन्सला आहेत. आणि तो ९ चा सिस्टम व्हॉल्यूमवाला कोण आहे?

तळटीप · गुरुवार, दुपारी १२.१०

९ म्हणजे रिस्टोअर पॉइंट्स. काही बिघडलं तर मागच्या तारखेला परत जाता यावं म्हणून विंडोज आधीच्या स्थितीच्या खुणा जपून ठेवतं. सिस्टम प्रोटेक्शनमध्ये त्याची कमाल मर्यादा ठरवता येते, शून्य करू नका, कमी करा.

आणि ७ साठी सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, तिथे 'सिस्टम अँड रिझर्व्ह्ड' बघा. २०१९ मध्ये विंडोज १० ची १९०३ आवृत्ती आली, तेव्हापासून नव्या मशीनवर विंडोज स्वतःच्या अपडेटसाठी साधारण ७ जीबी बाजूला काढून ठेवतं, 'रिझर्व्ह्ड स्टोरेज'. फोल्डर म्हणून कुठेच दिसत नाही, शिल्लक मात्र तेवढी कमी दिसते.

रोजकीर्द · गुरुवार, दुपारी १२.२५

म्हणजे सीआरआर, बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे सक्तीने ठेवायची रक्कम! ठेव आपली, पण हात लावायचा नाही, वर ठेवायची. हे आधीच सांगितलं असतंत तर मी सोमवारीच धरलं असतं.

ताळा लागला. बॅकअप बाहेरच्या डिस्कवरून उघडता येतो का हे मुलगी दिवाळीत येईल तेव्हा बघेल, पण फाइलींची संख्या आणि एकूण बाइट्स दोन्हीकडे जुळवून पाहिले, मगच इथला उडवला. तिच्या खात्यात जाऊन तिची बिनही रिकामी केली (पासवर्ड तिने फोनवर सांगितला, तो आमच्या जुन्या कुत्र्याचं नाव निघाला). खातं ठेवलंय. रिस्टोअरची मर्यादा ४ केली. हायबरफिलला हात लावला नाही, पेंग्विनप्रेमींचं ऐकलं.

३ शिल्लक होते, अधिक ६१, अधिक ११, अधिक झिपचे १६, अधिक ५. आता ९६ जीबी मोकळे. पट्टी निळी.

पेंग्विनप्रेमी · गुरुवार, दुपारी १२.४०

माझं ऐकलं!! हा धागा वाचनखूण करून ठेवतो.

फ्लेक्सवाला · गुरुवार, दुपारी १.०५

काका नाद खुळा! ताळेबंद जुळल्याबद्दल हार्दिक अभिनंदनाचा बोर्ड करून देऊ का? २० बाय १०, शुभेच्छुक म्हणून सगळा धागा खाली घेतो. सुपारी भाऊंचा फोटो कोपऱ्यात.

रोजकीर्द · गुरुवार, दुपारी १.१२

करा, पण फाइल तुमच्याकडेच ठेवा.

मिनमिन · गुरुवार, दुपारी ३.५०

माझ्या ९४ जीबीचं कुणीतरी बघा ना.